गोलंदाज भुंगेरा आणि त्याचें वतन

शेतीस उपद्रव देणाऱ्या किडींचीं वर्णनें व त्यांच्या बंदोबस्ताचे उपाय या मासिकांत वेळोवेळीं येत असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु शत्रूंची यादी तोंडपाठ असावी आणि मित्रांची मात्र तोंडओळखही नसावी, हें शहाण्या कास्तकारास शोभणारें नाहीं. पायाखालीं दिसला तो किडा चिरडावा, या आपल्या सवयीमुळें किती बिनपगारी राखणदार दरसाल मरतात याची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं. अशाच एका राखणदाराची, म्हणजे रानांत व रानाच्या कडेस ओल्या जागीं राहणाऱ्या एका लहानशा भुंगेऱ्याची, माहिती आज वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्यामुळें या प्राण्याच्या रूपगुणांबरोबरच त्याच्या वतनाचीही, म्हणजे तो ज्या जागेवर जगतो त्या जागेचीही, चौकशी केली आहे. कारण असा प्राणी हातानें मारून फारसा संपत नाहीं; त्याची जागा गेली म्हणजे तो गाजावाजा न होतां नाहींसा होतो.

ओळख

पुढचे पंख कवचासारखे कठीण असलेल्या कीटकांस आपण सामान्यतः भुंगेरे म्हणतों. त्यांत जमिनीवर धावून शिकार करणाऱ्यांचें एक मोठें कूळ आहे. शास्त्रज्ञ त्यास कॅराबिडी म्हणतात. आपण त्यांस भुईभुंगेरे म्हणूं. जगांत त्यांच्या सुमारें ४०,००० जातींचें वर्णन झालेलें आहे. हुमणीचा भुंगेरा आणि भुईभुंगेरा यांत गल्लत होऊं नये. हुमणीचा भुंगेरा अंगानें गोलसर, चालीनें मंद व झाडांचा पाला खाणारा असून त्याची अळी पिकाचीं मुळें कुरतडते. भुईभुंगेऱ्याचे पाय लांब, धाव वेगाची, जबडे पुढें आलेले व बळकट असतात. आणि त्याचें अन्न बहुतांशीं दुसरे किडे, अळ्या, अंडीं हेंच असतें. कवचाखालून कोणी झपाट्यानें धावत सुटला तर तो बहुधा आपला माणूस, एवढी खूण ध्यानांत ठेविली तरी पुरे.

आपल्या देशांतील भुईभुंगेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास वनखात्यांत नोकरी केलेल्या एच. ई. अँड्र्यूज या गृहस्थांनीं केला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत त्यांचे दोन खंड १९२९ व १९३५ या सालीं प्रसिद्ध झाले. रानांत नोकरी करावयाची, तर केवळ लाकडांची मोजदाद करून थांबूं नये, पायाखालच्या रहिवाशांचीही शिरगणती करावी, असा धडा त्यांच्या उदाहरणावरून घेण्यासारखा आहे.

या मोठ्या कुळांतील एका शाखेस इंग्रज लोक बॉम्बार्डियर म्हणतात. आपल्या इतिहासांत तोफ डागणाऱ्यास गोलंदाज म्हणत, म्हणून या लेखांत आम्हीं त्यास गोलंदाज भुंगेरा असें नांव दिलें आहे. भारतांत आढळणारे मोठे गोलंदाज फेरोप्सोफस या गणांत मोडतात. त्यांपैकीं हिलारिस ही एक जात फॅब्रिशियस या डॅनिश पंडितानें अठराव्या शतकाच्या अखेरीस वर्णिली. या भुंगेऱ्याची लांबी सामान्यतः दीड ते दोन सेंटिमीटर. डोकें व पाय पिवळसर नारिंगी. पाठीचें कवच काळें आणि त्यावर पिवळे डाग अथवा पट्टे. कवच मागच्या बाजूस आखूड, जणूं कात्रीनें सरळ कापल्यासारखें असतें, त्यामुळें पोटाचें टोंक उघडें राहतें. हें उघडें टोंक हीच ओळखीची पक्की खूण. कारण तोफेचें तोंड तेथें आहे.

तोफेची रचना

या प्राण्यास डिवचलें असतां 'फट्' असा स्पष्ट आवाज होतो, पोटाच्या टोंकांतून धुरासारखा फवारा निघतो आणि झोंबणारा वास येतो. बोटावर फवारा पडल्यास चटका बसून तपकिरी डाग पडतो व तो कांहीं दिवस राहतो. हा केवळ वास सोडण्याचा प्रकार नव्हे. हा खराखुरा स्फोट आहे, आणि त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे.

पोटाच्या मागील भागांत दोन ग्रंथि असतात. प्रत्येक ग्रंथीस दोन खोल्या. आंतील खोली म्हणजे दारूचें कोठार. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखमा धुण्यासाठीं औषधांच्या दुकानांत मिळतें तें द्रव्य, आणि हायड्रोक्विनोन, म्हणजे जुन्या काळीं छायाचित्रें धुण्यास वापरीत तें द्रव्य, अशीं दोन्हीं एकत्र साठविलेलीं असतात. कोठारांत तीं शांत राहतात. बाहेरील खोलीच्या भिंती मात्र चिवट व जाड असून तेथें विशिष्ट पाचक द्रव्यें तयार असतात. स्नायूंच्या दाबानें कोठारांतील द्रव बाहेरील खोलींत आला कीं तत्क्षणीं रासायनिक क्रिया होते; प्राणवायु सुटतो, उष्णता निर्माण होते, आणि बेंझोक्विनोन नांवाचें झोंबणारें द्रव्य उकळत्या पाण्याइतकें तापून, म्हणजे सुमारें १०० अंश सेल्सिअस उष्णतेनें, बाहेर फेंकलें जातें. या द्रव्यांचा उलगडा हर्मान शिल्डक्नेख्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें केला. फवाऱ्याची उष्णता अमेरिकेंतील थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजून १९६९ मध्यें प्रसिद्ध केली.

मग स्फोटानें भुंगेरा स्वतःच कां फुटत नाहीं, असा प्रश्न साहजिकच येतो. आयस्नर, अ‍ॅनेशान्स्ली, डीन व एजर्टन यांनीं १९९० मध्यें दाखविलें कीं, हा फवारा सलग धार नसून तुटक तुटक बारांची माळ असते, आणि हे बार सेकंदास सुमारें ५०० या वेगानें सुटतात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं १९४४ मध्यें लंडनवर सोडलेल्या उडत्या बाँबच्या यंत्रांतही असेच तुटक स्फोट होत असत. या प्रयोगांस वापरलेली आफ्रिकेंतील जात आपल्याकडील गोलंदाजांची अगदीं जवळची भाऊबंद आहे. पुढें २०१५ मध्यें अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत प्रखर क्ष-किरणांच्या साह्यानें जिवंत गोलंदाजाच्या पोटांतील स्फोट पाहण्यांत आले. स्फोटाच्या दाबानें मधल्या दाराचा पडदा फुगतो व कोठार आपोआप बंद होतें; दाब उतरला कीं दार पुन्हां उघडतें व दारूचा पुढचा चिमूटभर भाग आंत येतो. म्हणजे दारूगोळ्याचें कोठार आणि तोफ यांमध्यें आपोआप लागणारें दार आहे. आमच्या किल्ल्यांवरही दारूचें कोठार तोफांपासून दूर ठेवीत, त्यामागें तरी दुसरा विचार काय होता?

नेमबाजीही तशीच. पोटाचें टोंक सर्व दिशांस वळतें. मुंगीनें डाव्या पुढच्या पायास धरलें तर बार नेमका त्याच पायावर येतो. हवें तर पाठीवरून पुढच्या दिशेसही मारतां येतें. एकामागून एक वीसाहून अधिक वेळां बार काढण्याइतकी शिबंदी त्याच्यापाशीं असते.

या शस्त्राचा कस जपानांत पाहण्यांत आला. तेथील फेरोप्सोफस जेसोएन्सिस या जातीस लोक त्याच्या आवाजावरून थट्टेचें नांव देतात. त्याचा अर्थ सभ्यपणें सांगावयाचा तर 'वारा सोडणारा किडा' असा होतो. सुगिउरा व सातो या संशोधकांनीं २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे भुंगेरे बेडकाच्या जातीच्या भेकांस खाऊं घातले. भेकांनीं ते गिळले. पण पोटांत गेल्यावरही बार सुरूच राहिले, आणि शेंकडा ४३ भेकांनीं १२ ते १०७ मिनिटांच्या आंत ते ओकून टाकिले. ओकलेला प्रत्येक भुंगेरा जिवंत होता. ज्यांची दारू आधींच संपविली होती, ते मात्र बहुतेक पचून गेले. सव्वा तास भेकाच्या जठरांत राहून चालत बाहेर येणारा दुसरा प्राणी सहसा आढळावयाचा नाहीं.

येथें एक सूचना अवश्य करावयाची. मुलांनीं कौतुकानें हा भुंगेरा हातांत धरूं नये, व चेहऱ्याजवळ तर मुळींच नेऊं नये. डोळ्यांत फवारा गेल्यास स्वच्छ पाण्यानें डोळे पुष्कळ वेळ धुवावे व डॉक्टरास दाखवावें.

अळीचा व्यवसाय

आतां कास्तकाराच्या कामाच्या गोष्टीकडे वळूं. प्रौढ गोलंदाज रात्रीं हिंडतो आणि सांपडेल तो जिवंत अथवा मेलेला किडा खातो. त्याच्या अळीचा आहार मात्र फार विशिष्ट आहे. फेरोप्सोफस गणांतील ज्या जातींचा जीवनक्रम उलगडला आहे, त्यांच्या अळ्या जमीन पोखरणाऱ्या रातकिड्यांच्या अंड्यांवर वाढतात.

हा रातकिडा वाचकांच्या ओळखीचा आहे. तपकिरी, मखमली अंगाचा, पुढचे दोन पाय घुशीच्या पंजासारखे रुंद व दांतेरी, असा हा प्राणी ओल्या जमिनींत बोगदे करून राहतो. भाजीपाल्याचे वाफे, बटाटे, भाताचीं कोंवळीं रोपें यांचीं मुळें व बुंधे तो कुरतडतो. भाताच्या खाचरांच्या बांधांतही तो बोगदे पाडतो, आणि रात्रींत खाचराचें पाणी खालच्या खाचरांत उतरलेलें पाहून शेतकरी शेजाऱ्यावर संशय घेतो. मादी जमिनीखालीं एक लहानशी कोठडी करून तींत अंड्यांचा पुंजका घालते. गोलंदाजाची नुकतीच जन्मलेली अळी चपळ असते. ती ओल्या मातींतून वाट काढीत ही कोठडी गांठते आणि आंतील अंडीं एकामागून एक फस्त करून तेथेंच मोठी होते. पुढच्या अवस्थेंत ती लठ्ठ व सुस्त बनते, कारण भरल्या कोठारांत बसलेल्यास धावावयाचें प्रयोजन राहत नाहीं. एका कोठडींत एक अळी वाढली, म्हणजे रातकिड्यांची एक पिढी तेथल्या तेथें कमी झाली.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांत दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या अशाच रातकिड्यांनीं कुरणांचें व भाजीपाल्याचें मोठें नुकसान केलें. तेव्हां तेथील विद्यापीठांतील संशोधकांनीं त्यांच्या मायदेशांतला गोलंदाज शोधून आणिला व बंदिस्त प्रयोगशाळेंत पाळून अभ्यासिला. त्याच्या अळ्या रातकिड्यांच्या अंड्यांवरच वाढतात असें त्यांस आढळलें. दुसऱ्या देशांस जो प्राणी समुद्रापलीकडून आणून अभ्यासावा लागतो, त्याचे नातलग आपल्या ओढ्याकांठीं आपण होऊन राहत आहेत.

गोलंदाजाचे भाऊबंद

गोलंदाज एकटा नाहीं. भाताच्या शेतांत ओफिओनिया नांवाचा एक चिमुकला भुईभुंगेरा असतो. लांबी पाऊण सेंटिमीटरच्या जवळपास, अंग तांबूस तपकिरी व त्यावर काळपट पट्टे. भाताचें पान गुंडाळणारी अळी पानाची सुरळी करून आंत बसते, तेथें औषधाचा फवाराही धड पोंचत नाहीं. हा भुंगेरा त्या सुरळींत शिरून अळी खातो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९८७ मध्यें काढलेल्या पुस्तकांत, एक भुंगेरा दिवसास अशा तीन ते पांच अळ्या खातो असें नमूद आहे. तुडतुड्यांसही तो सोडीत नाहीं. आणि त्याची अळी कोश करण्यासाठीं कोठें जाते? पाणथळ भातशेतांत ती बांधावर येते. बांध नसेल तर त्याची पुढची पिढी कोठें निपजावी?

कॅलोसोमा नांवाचा याच कुळांतला मोठा भुंगेरा अमेरिकनांनीं १९०५ नंतरच्या कांहीं वर्षांत युरोपांतून मुद्दाम आणून न्यू इंग्लंडच्या रानांत सोडला. कारण तेथील झाडें एका परदेशी पतंगाच्या सुरवंटांनीं निष्पर्ण केलीं होतीं. तो भुंगेरा तेथें टिकला व कामास आला. भुईभुंगेरे पाळण्याची ही कल्पना म्हणजे आजकालचें खूळ नव्हे, हें यावरून दिसेल.

वतन कोठें असतें

गोलंदाजास तीन गोष्टी लागतात: ओल, सांवली आणि न हलविलेली जमीन. दिवसा तो दगडाखालीं, कुजत्या ओंडक्याखालीं, ओढ्याच्या कांठच्या भेगांत किंवा पालापाचोळ्याच्या थरांत बसतो. पुष्कळदां एकाच दगडाखालीं अनेक एकत्र आढळतात. रानांतील पालापाचोळा, ज्यास कोंकणांत पातेरा म्हणतात, तो वरून कोरडा दिसला तरी खालचा थर चैत्र-वैशाखांतही गार राहतो. त्या थरांत वाळवी, गोगलगायी, कोळी, गोम, मुंग्या यांचें एक गांवच वसलेलें असतें, आणि भुईभुंगेरे त्या गांवचे रामोशी होत.

सह्याद्रीच्या कुशींतील देवराया या दृष्टीनें फार मोलाच्या आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांची पाहणी करून त्यांचें महत्त्व शास्त्रीय जगापुढें मांडलें. देवराईंतील वाळकें पानही घरीं नेऊं नये, असा जो दंडक अनेक गांवीं पाळला जाई, त्याचा एक परिणाम असा झाला कीं तेथील पातेऱ्याचा थर पिढ्यान्‌पिढ्या अभंग राहिला. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें पाहावा. पण ओढ्याचें पाणी आणि राखणदार किड्यांचें बेणें त्या दंडकानें राखलें, हें मान्य करावें लागेल.

याच्या उलट बाजूस राब आहे. कोंकणांत व मावळांत भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठीं ऐन व इतर झाडांच्या फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रचून पेटवितात. यांत शहाणपण मुळींच नाहीं असें नव्हे. भाजल्यानें तणाचें बीं मरतें, राखेचें खत मिळतें, आणि रोप जोमदार येतें. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत राबासाठीं फांद्या तोडण्याच्या हक्कावरून सरकार व रयत यांत मोठा वाद माजला. परंतु राबाच्या निमित्तानें रानाच्या कडेचा सारा पातेरा खरवडून नेला जातो, आणि पेटविलेल्या कडेवरून आग पुष्कळदां आंत शिरते. पंधरवड्यानें हिरवळ पुन्हां दिसते. पण थरांतील ओल व तिच्यावर जगणारे प्राणी पंधरवड्यांत परत येत नाहींत. आतां चारसूत्री पद्धतींत भाताच्या तुसांची काळी राख रोपवाटिकेच्या मातींत मिसळावयास सांगतात. राखेचा लाभ मिळावा आणि रान भाजूं नये, असा हा मार्ग असून ज्यांनीं तो अवलंबिला नसेल त्यांनीं निदान एका वाफ्यावर करून पाहावा.

बांधाचा हिशेब

रानाच्या कडेनंतर गोलंदाजाचें दुसरें वतन म्हणजे शेताचा बांध व सर्व्हे नंबरांतील पोटखराबा. मुंबई इलाख्यांत १८३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी जमीन-पाहणी सुरू केली. त्या पाहणींतून आलेल्या पद्धतींत ओढे, खडक, नाले, अशी लागवडीस न येणारी जमीन पोटखराबा म्हणून निराळी दाखविली जाते व तिच्यावर आकार बसत नाहीं. ती नोंद करतांना आम्हां कारकुनांच्या मनांत एकच विचार असे: या जमिनींतून सरकारास कांहीं मिळावयाचें नाहीं. शेतकऱ्याच्या मनांतही तोच विचार असतो: या जमिनींतून आपणांस कांहीं मिळावयाचें नाहीं. भुईभुंगेऱ्यांच्या दप्तरीं मात्र नेमकी हीच जमीन अव्वल प्रतीची ठरते. कारण तेथें नांगर फिरत नाहीं.

बांधाविषयीं तर बोलावें तितकें थोडें. भावाभावांत वांटण्या होतात, तुकडे लहान होतात, आणि प्रत्येक जण दरसाल नांगराच्या एका तासाएवढा बांध आपल्याकडे ओढतो. हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें धारण करणाऱ्यावर घातली आहे. पण कायदा कपाटांत राहतो आणि नांगर शेतांत. बांध कोरल्याच्या तक्रारी, मोजणीचे अर्ज, पुन्हां मोजणी, त्यावर अपील, यांचे गठ्ठे बांधण्यांत प्रस्तुत लेखकाचीं कित्येक वर्षें गेलीं. त्या गठ्ठ्यांतून जो हिशेब निघतो तो वाचकांनीं स्वतः करून पाहावा.

एक हेक्टराचें चौरस शेत धरा. प्रत्येक बाजू १०० मीटर, चारी बाजू मिळून ४०० मीटर. बांध १ मीटर रुंद असून निम्मा आपला व निम्मा शेजाऱ्याचा, असें धरल्यास आपल्या वांट्यास बांधाखालीं सुमारें २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांस किंचित् कमी जमीन जाते. हेक्टराचे गुंठे होतात जवळजवळ ९९. आतां आपल्या बाजूचा बांध कोरून निम्मा केला, तर पदरांत पडतो एक गुंठा. त्या एका गुंठ्यापायीं शेजार तुटतो, वकील जोडला जातो, पावसांत माती वाहते, आणि जो प्राणी रातकिड्यांच्या कोठड्या रिकाम्या करीत होता तो बेघर होतो. नव्याण्णवांत एकाची भर घालण्यासाठीं उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची राखण गमवावी, हा सौदा कोणत्या वहींत नफा म्हणून मांडावा?

हा सौदा इंग्लंडांतील शेतकऱ्यांनीं एकदां करून पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें यंत्रांस मोठीं शेतें हवीं म्हणून मैलोगणती कुंपणें व बांध काढून टाकण्यांत आले. पुढें असें दिसलें कीं, शेताच्या मधोमध मावा वाढतो, कारण भुईभुंगेरे हिंवाळा काढतात ते कडेच्या गवतांत, आणि वसंतांत त्यांस मध्यापर्यंत पोंचण्यास फार वेळ लागतो. तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत हँपशायर परगण्यांत साउथँप्टन विद्यापीठ व गेम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या संशोधकांनीं शेतांच्या मधून नांगरानें मातीचे नवे उंचवटे घातले, त्यांवर झुपक्याचें गवत पेरलें, आणि एक-दोन हिंवाळ्यांत त्यांत भुईभुंगेरे व कोळी दाटीनें राहूं लागले. त्या उंचवट्यांस तेथें 'भुंगेऱ्यांचे बांध' असेंच नांव पडलें. जे बांध त्यांनीं मोडून पुन्हां घातले, ते आपल्याकडे वाडवडिलांनीं घातलेले तयार आहेत.

काय करावें

बांध राखला म्हणजे सर्व किडी आपोआप नाहींशा होतील, असें आश्वासन आम्ही देत नाहीं. बांधावर उंदीर व खेकडेही राहतात, तणही वाढतें; त्यांचा बंदोबस्त ज्या त्या उपायानें केलाच पाहिजे. कीड हाताबाहेर गेली तर औषध मारावें लागतें, हेंही खरें. परंतु राखणदार असतांना चोर कमी येतात, आणि आलेले लवकर पकडले जातात, इतका फरक निश्चित पडतो. त्यासाठीं पुढील गोष्टी प्रत्येक सभासदास आपल्या शेतांत बिनखर्च करतां येण्याजोग्या आहेत.

बांध पेटवूं नये. गवत वाढलें तर विळ्यानें कापून गुरांस घालावें, आणि तेंही सर्व बाजूंचें एकाच दिवशीं न कापतां दोन बाजूंचें आज व दोन बाजूंचें महिन्यानें, असें कापावें. म्हणजे राहणाऱ्यांस जावयास जागा उरते. बांधालगतची एक-दीड हात पट्टी नांगराखालीं आणूं नये. पोटखराब्यांतील ओढ्याकांठचीं करंज, उंबर, जांभूळ अशीं झाडें तोडूं नयेत व त्यांखालील पाला सारवून नेऊं नये. शेतांतून वेंचलेले दगड बांधावर एका जागीं रचावे. जमिनींत टाकावयाचें दाणेदार विष किडींबरोबर भुईभुंगेऱ्यांसही मारतें, म्हणून तें सरसकट टाकण्याची संवय सोडावी. असें फोरेट नांवाचें विष आपल्याकडे वर्षानुवर्षें मुठीमुठीनें टाकलें जात असे. भारत सरकारनें त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी घातली आहे, आणि कोणाच्या कोठारांत जुना साठा असल्यास तो शेतांत टाकून संपवूं नये.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी. पावसाळ्यांत भाताच्या बांधावरून फिरतांना, अथवा रानाच्या कडेच्या ओढ्यावर, एखादा ओला दगड हलकेच उलटून पाहावा. पिवळ्या डोक्याचा, आखूड कवचाचा, काळा-पिवळा भुंगेरा पळतांना दिसला तर तो तेथें आहे याची मनांत नोंद करावी, पुढल्या वर्षीं पुन्हां त्याच दगडाशीं पाहावें, आणि सभेच्या बैठकींत कोठें किती दिसले तें सांगावें. पाहून झाल्यावर दगड होता तसाच पुन्हां ठेवावा. उघडा टाकून जाऊं नये.